हिरवे दिनकरराव

दिनकरराव धानोरकरांचा चेहरा हिरवा आहे ही गोष्ट त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळली, आणि तीही कचेरीतल्या शिपायाकडून.

चंद्रभान शिपायाने टपालाची पिशवी टेबलावर आपटली आणि म्हणाला, "सायब, तुमाला वाचनालयात टांगलंय की."

दिनकरराव परभणीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो दुसऱ्याच्या टेबलावर जाईल असं बघायचं, एवढंच त्यांचं काम. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांचा संबंध नसे, आणि हा संबंध नसणं त्यांनी इतक्या वर्षांत अगदी अंगात मुरवलं होतं. अशा माणसाला कुणी कशाला टांगेल?

"कशाबद्दल?" त्यांनी घाबरून विचारलं.

"पैला नंबर आलाय म्हणं. पर सायब, तब्येत बरी हाय ना? त्या चित्रात लय हिरवं दिसायलाव."

आता हे प्रकरण समजायचं तर दिनकररावांच्या बैठकीतली भिंत समजून घ्यायला हवी. वसाहतीत त्यांनी बांधलेल्या घराची दर्शनी भिंत ओकीबोकी होती. शेजारच्या निवृत्त हेडमास्तर व्यंकटरावांच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर होते, डोंगराखाली नदी होती आणि नदीवर पाणी प्यायला आलेलं एक हरीण होतं. उन्हाळ्यात परभणीचा पत्रा तापला की माणसं व्यंकटरावांकडे जाऊन त्या डोंगरांकडे बघत बसायची. दिनकररावांकडे एकदा खुद्द मोठे साहेब चहाला आले. त्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "प्लॅस्टर छान झालंय." ते वाक्य दिनकररावांच्या जिव्हारी लागलं. म्हणून वसाहतीत बायकांचा चित्रकलेचा वर्ग निघाला तेव्हा त्यांनी आपण होऊन नर्मदाबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, तिकडे धाडलं.

"देखावा शिकून ये," त्यांनी बजावलं. "डोंगर, झोपडी, नदी. जमलं तर हरीण. लय काही नको."

वर्ग घेणाऱ्या गीताबाई मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्या हैदराबादेत शिकून आलेल्या, लग्न न केलेल्या, आणि मोठ्याने हसणाऱ्या. वसाहतीच्या मते यातली कुठलीही एक गोष्ट चालली असती, तिन्ही एकदम म्हणजे जास्त झालं. त्यांनी ॲक्रिलिक नावाचे नळीतले रंग आणले होते. पाण्यात कालवायचे, पण एकदा वाळले की पाण्याला अजिबात दाद न देणारे. "डोळ्याला दिसतो तो रंग लावायला फोटोग्राफर बसलेत," असं त्या बायकांना सांगत. "तुम्हाला त्या माणसाबद्दल आत काय वाटतं, त्याचा रंग लावा." दिवसाढवळ्या, संसारी बायकांना असली वाक्यं शिकवली जातायत याचा दिनकररावांना पत्ता असता तर त्यांनी तिथल्या तिथे वर्ग सोडवला असता. पण त्यांना लांबून मागच्या ओसरीत नर्मदाबाई पिवळा आणि हिरवा रंग लावताना दिसत. पिवळं म्हणजे ऊन, हिरवं म्हणजे झाडी, असा त्यांनी समज करून घेतला होता. चौकट त्यांनी आधीच सुताराला सांगून ठेवली होती.

संध्याकाळी ते वाचनालयाच्या सभागृहात गेले. तिथे भरलेल्या महिला मेळाव्यातल्या पाककृती आणि विणकामाच्या पलीकडे चित्रं होती, आणि मधोमध ते स्वतः होते.

आरामखुर्चीत बसलेले, मांडीवर पेपर. चेहरा हिरवा. पोपटीही नाही आणि शेवाळीही नाही, त्यांच्या मधला कुठलातरी. डोळ्यांखाली जांभळं. हात विटेसारखे लाल. अंगात निळा शर्ट. मागे सगळं पिवळंधमक, जणू घराला आग लागली आहे आणि हा गृहस्थ पेपर वाचतोय. खाली चिठ्ठी: 'माझे यजमान. सौ. नर्मदाबाई धानोरकर. प्रथम.'

चित्राभोवती पाचपंचवीस माणसं होती. आधी एकाने वळून पाहिलं, मग दुसऱ्याने. मग सगळी मंडळी एकदा भिंतीवरच्या आणि एकदा जमिनीवरच्या दिनकररावांकडे बघू लागली. एक बाई आपल्या जावेला हळूच म्हणाल्या, "अगं, प्रत्यक्षात बराच बरा हाय की."

तेवढ्यात गीताबाई आल्या. "या, या! काय रंग लावलाय नर्मदाबाईंनी! बघा तरी, एका ठिकाणी खोटं नाही."

"माझा रंग गव्हाळ आहे," दिनकरराव म्हणाले. त्या सभागृहात त्यांना एवढंच सुचलं.

घरी गेल्यावर ते जेवायला बसले. ताटावरून उठताना त्यांनी विचारलं, "हिरवा का?"

"लावताना तसंच वाटलं," नर्मदाबाई म्हणाल्या.

"वाटलं म्हणजे काय वाटलं? मी काय सरडा हाय? खुलासा कर मला."

"सांगता आलं असतं तर रंग कशाला लावला असता?" असं म्हणून त्यांनी ताट उचललं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नर्मदाबाईंनी प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्न टाकल्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढचे काही दिवस गावाने दिनकररावांच्या तब्येतीचा ताबा घेतला. चित्र पाहिलेली माणसं थोडी होती, पण ऐकलेली भरपूर, आणि ऐकलेल्यांत चित्र हा शब्द वाटेतच गळून पडला होता. उरलं ते 'धानोरकरांचा चेहरा हिरवा पडलाय' एवढंच. व्यंकटराव कुंपणावरून म्हणाले, "कावीळ आधी पिवळी असती. हिरवी म्हणजे पुढची पायरी. तेल बंद करा." समोरच्या बाईंनी उसाचा रस पाठवला. पिंगळीहून व्याही माणिकराव पहिल्या गाडीने आले आणि दारातच गळ्यात पडले.

"इवाई, आमाला कळवायचं तरी! पोरीच्या सासरची माणसं काय परकी हायेत?"

"अहो, मला काहीच झालेलं नाही. ते चित्र आहे."

"असंच म्हणत्यात सगळे," माणिकराव डोळे पुसत म्हणाले. "आमचे चुलते पण म्हणायचे, काईच न्हाई झालं. चला, देवगाव फाट्यावर एक जण कावीळ उतरवतो. लय हातगुण हाय."

दिनकरराव नको नको म्हणत असतानाच त्यांना एसटीत बसवण्यात आलं. फाट्यावरच्या त्या माणसाने त्यांचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाण्याकडे पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "कावीळ न्हाई." माणिकरावांचा चेहरा उतरला. एवढा प्रवास फुकट गेला म्हणून त्या माणसालाही वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "पर आता आलाव तर माळ घालून जावा. आपोआप गळंपतोर काढायची न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी कावीळ नसलेले दिनकरराव गळ्यात काविळीची मुळ्यांची माळ घालून कचेरीत हजर झाले. माळ शर्टाच्या आत ठेवावी तर टोचे, बाहेर ठेवावी तर चारचौघांना दिसे. चंद्रभान त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागला.

हेही निभावलं असतं. पण चित्रात शर्ट निळा होता.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुन्हा पेटला होता. नामांतर व्हावं म्हणणारे निळ्या झेंड्याचे आणि होऊ नये म्हणणारे कचेरीतसुद्धा वेगवेगळ्या वेळी चहा घेत. दिनकरराव दोन्ही वेळा टाळून तिसऱ्याच वेळी, आपल्या टेबलावर, एकटे चहा घेत. "तुमचं काय मत?" असं कुणी विचारलं तर "वरून काय येतंय बघू," म्हणत. आपल्याला कुठलाच रंग नाही याचा त्यांना अभिमान होता.

शेजारच्या टेबलावर सिताराम वाव्हळे बसत. सरळ माणूस, अक्षर सुंदर. त्यांच्या वस्तीतली दोन घरं आधीच्या दंगलीत जळली होती, पण कचेरीत ते त्याबद्दल कधी बोलत नसत, आणि दिनकररावांनीही कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून दोघांत टाचण्या, शाईचा पॅड आणि 'आज लय ऊन हाय' एवढीच देवघेव होती. त्या सकाळी वाव्हळे लवकर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, काल पोरीला घेऊन चित्र बघून आलो. लय वेळ उभे होतो आमी. वैनीला सांगा माझं नाव घेऊन." आणि त्यांनी हात पुढे केला.

दिनकररावांनी तो हातात घेतला. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. सगळ्या गावात तब्येतीची चौकशी न करणारा हा पहिलाच माणूस. एवढ्यात हेडक्लार्क सूर्यभान दारातून आत आले.

"वा, वा!" ते मोठ्याने म्हणाले. "शर्ट पण निळा, आन् हातात हात पण! धानोरकर, कवा गेलाव तिकडं? आमाला कळवलं नाही."

आणखी चार माना वळल्या. दिनकररावांनी हात झटकन मागे घेतला.

"छे छे! काहीतरीच काय. तो शर्ट पांढरा हाय. बायकांना काय कळतंय रंगातलं! माझ्याकडं निळा शर्टच नाही. कपाट उघडून दाखवतो, चला."

सूर्यभान हसले. वाव्हळेंनी आपला हात हळूच खिशात घातला.

"मी शर्टाचं बोललोच नव्हतो, साहेब," ते म्हणाले. "चेहऱ्याचं बोलायलो होतो." आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांना टाचणी लागली तरी चंद्रभान मागायला येई.

निळा शर्ट दिनकररावांकडे होता. लेकीने दिवाळीला पाठवलेला. तो त्यांनी त्याच संध्याकाळी भांडीवालीला द्यायच्या गाठोड्यात खाली सारला.

आता चित्र उतरवायचंच असं त्यांनी ठरवलं. तशात गीताबाई घरी येऊन सांगून गेल्या की पहिला नंबर आलेलं चित्र औरंगाबादच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार आणि नर्मदाबाईंनाही बोलावणं आहे. "राहायची सोय माझ्या मैत्रिणीकडं," गीताबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईंनी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. दिनकररावांना ती बॅग दिसली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपला हिरवा चेहरा आता मराठवाड्याच्या सातही जिल्ह्यांत फिरणार.

ते मेळावा समितीच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. टेबलामागचा तरुण चिटणीस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "बोला."

दिनकररावांना हा आवाज ओळखीचा वाटला. असं ते स्वतः बोलत.

"ते पहिल्या नंबरचं चित्र परत पाहिजे."

"अर्ज आणलाव?"

दिनकररावांनी अर्ज पुढे केला. तो त्यांनी स्वतः, समासासकट, उत्तम लिहिला होता. चिटणीसाने तो वाचला आणि परत सरकवला.

"यावर चित्रकाराची सही लागते. तुमी चित्रकार हाव का?"

"मी त्यांचा नवरा."

"नवऱ्याच्या सहीची तरतूद नाही."

"अहो, पण मी चित्रात आहे! हा मीच!"

चिटणीसाने पहिल्यांदा मान वर केली, भिंतीकडे पाहिलं, मग दिनकररावांकडे, मग त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे. "असताल," तो म्हणाला. "पण चित्रातल्याला अर्ज करता येत नाही."

जन्मभर लोकांचे अर्ज सहीवाचून परत लावलेला माणूस तोंडात मारल्यासारखा घरी आला. नर्मदाबाई दाणे निवडत होत्या. त्यांनी अर्ज घेतला, दोनदा वाचला. कारणाच्या जागी दिनकररावांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं होतं.

"औरंगाबादचं काय?" त्यांनी विचारलं.

"कशाला तिथं? नातेवाईक ना गोतेवाईक."

त्यांनी सही केली. सही करायला चष्मा लागतो म्हणून आत गेल्या, तेवढाच काय तो उशीर.

चित्र सायकलरिक्षातून आणावं लागलं. तोंड बाहेर करून धरलं तर भर बाजारातून हिरवे दिनकरराव मिरवत निघाले असते. आत करून धरलं तर पाठीमागच्या कापडावर समितीने भल्या मोठ्या अक्षरांत 'दिनकरराव धानोरकर यांचे' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते डोक्यावर आडवं धरलं. माडीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी ते सविस्तर पाहिलं.

घरी आणल्यावर वसाहत सल्ला द्यायला हजर होती. व्यंकटरावांच्या मते रंग म्हणजे रंग, रॉकेलने जाणारच. दिनकररावांनी ओसरीत बसून, लुंगी वर खोचून, स्वतःच्या गालाला रॉकेल चोळलं. गाल चकचकीत झाला, आणखी हिरवा झाला. मग कुणी धुण्याचा सोडा सांगितला, कुणी चिंच. चिंचेने तर पितळेसारखी झळाळी आली. त्या मंडळींच्या देखत आपलंच तोंड खसाखसा घासत बसलेले दिनकरराव शेवटी ओरडले, "नर्मदे! हे दुरुस्त कर! माणसासारखं कर!"

नर्मदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी रंगांची पेटी उघडली. त्यात कातडीच्या रंगाची एक तयार नळी होती. गीताबाईंनी ती कुणालाच कधी वापरू दिली नव्हती, म्हणून भरलेलीच होती. नर्मदाबाईंनी ती पिळली. कपाळ, गाल, नाक, कान, मान, हात, सगळीकडे एकसारखा थर दिला. जांभळं गेलं, लाल गेलं. शर्ट पांढरा केला. मागच्या पिवळ्यावर फिकट राखाडी फिरवला. मध्ये फक्त एकदाच त्यांनी मान वर करून विचारलं, "आणखी काई?"

"नाही, नाही. आता झकास."

माणसं खूश झाली. "आता कसं हुबेहूब!" व्यंकटराव म्हणाले. "आधीच असं काढलं असतं तर एवढं रामायण झालं असतं का?" दिनकररावांनी सुताराची चौकट बसवली, खिळा ठोकला आणि चित्र दर्शनी भिंतीवर लावलं. पेटी धुऊन पुसून माळ्यावर गेली. बॅगही गेली. गीताबाई पहिल्या नंबरची ढाल द्यायला आल्या तेव्हा भिंतीपुढे जरा थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच," नर्मदाबाई म्हणाल्या. गीताबाईंनी ढाल कोनाड्यात ठेवली आणि पाणीही न पिता गेल्या. पुढच्या वर्गाला नर्मदाबाई गेल्या नाहीत, आणि जा असं त्यांना कुणी म्हटलंही नाही.

आठवडाभराने व्यंकटरावांच्या वयस्कर मावशी लक्ष्मीबाई हळदीकुंकवाला आल्या. नजर अधू, पण रीतीला पक्क्या. बैठकीत आल्या आल्या त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले आणि हळहळत म्हणाल्या, "अगाई. कवा गेले गं?"

खाली खुर्चीत बसलेल्या दिनकररावांना काय करावं कळेना. ते खाकरले. लक्ष्मीबाई दचकून वळल्या. "हे कोण? धाकटे भाऊ का?" नर्मदाबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्यांना आत नेलं. आतून हसण्याचा आवाज आला नाही. दिनकररावांनी कान देऊन ऐकलं होतं.

बायका गेल्यावर ते पहिल्यांदाच एकटे त्या चित्रासमोर उभे राहिले. नाक जागेवर होतं. कान जागेवर होते. तक्रार करावी असं कुठे काही नव्हतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि त्यांना वाव्हळेंचं बोलणं आठवलं. त्या चेहऱ्यात त्या माणसाला काय दिसलं असेल? आता विचारायची सोय नव्हती.

नर्मदाबाई जेवायला वाढायला बसल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "अगं, तो हिरवा. तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं असावं, कारण नर्मदाबाईंचा हात परातीवर थांबला.

"पेपर वाचता वाचता तुमी एक दिवस मान वर केली," त्या म्हणाल्या. "कशानं कोण जाणे. माझ्याकडं बघितलं. काई मागायचं नव्हतं, काई सांगायचं नव्हतं, नुसतंच बघितलं. मला वाटलं, ह्या माणसात अजून कुठंतरी ओल हाय. जमिनीतून मोड वर येतो ना, तसला रंग कालवला. दोन दिवस लागले जमायला."

दिनकररावांचा घास हातातच राहिला. कावीळ, सरडा, विष, शेवाळ, सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं होतं. हे आलं नव्हतं.

"मग हे आधी सांगायचंस ना! मी विचारलं होतं की तुला, पहिल्याच दिवशी!"

"तुमी विचारलं नव्हतं," नर्मदाबाई म्हणाल्या. "जाब मागितला होता."

"बरं, मग आता... परत नाही का लावता येणार? तोच रंग?"

नर्मदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मन लावून, नीट, चित्र काढायच्या आधी बघत असतील तसं. दिनकरराव पाटावर सावरून बसले, मान थोडी वर केली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता तसं दिसत न्हाई." आणि त्यांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.